मोराच्या चादरीमागची भिंत

साहेब गुरुवारी येनार म्हनून भाऊसाहेबानं सांगितलं आन् आमच्या अख्ख्या वस्तीला ताप चढला. भाऊसाहेब म्हंजे आमच्यातलाच, नात्यानं माझा धाकटा दीर लागतो, ग्रामपंचायतीचा मेंबर हाय. ग्रामसभेत घरकुलासाठी माझं नाव त्यानंच लावून धरल्तं.

"वहिनी," म्हनला, "नाव तर बसलं. आता तालुक्याचा साहेब येऊन घर बघनार, मंग मंजुरी. आन् घर तुमच्याच नावावर बरं का. सरकारचा तसा नेम हाय, बाईच्या नावावर."

मी म्हनलं, "बाईच्या न्हाई तर कुनाच्या नावावर? घरात दुसरं हाय कोन, मांजर?"

मी अशीच बोलते. भागूबाईच्या नाकावर राग हाय हे कुनालाबी इचारा, पार जामखेडपतूर सांगतील. नवरा लवकर गेला. रोजगार हमीवर खडी फोडून पोराला बारावीपतूर शिकवलं, ते काय गोड बोलून झालं न्हाई.

पोरगं म्हंजे सम्राट. नागापूरला कंपनीत लागला, तिथंच खोली घेतली भाड्यानं. सून शुभांगी, भिंगारची. चांगली पोर हाय, उगं कशाला खोटं बोलू. पर लेकरू झाल्यापासून ती माझ्या घरी एकदाच आली, आन् तीबी ऱ्हायली न्हाई. कारन ती भिंत.

आमचं घर धाब्याचं. दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, आन् लाकडावर हातभर माती. उन्हाळ्यात गार लागतं, पर वजन लई. लातूरकडं भूकंप झाला त्या पहाटे आमच्याकडं नुसती भांडी वाजली. वाचलो म्हनून आमी खुशीत हुतो. दिस उजाडल्यावर बघते तर मागच्या भिंतीनं पोट काढलेलं, सातव्या महिन्याच्या बाईगत. लिंपून बघितलं, फटीत दगड ठोकून बघितलं. पोट काय आत जाईना. मंग म्हनलं, ऱ्हा बाई तशीच.

बारसं झाल्यावर शुभांगी बाळाला घेऊन आली. मी वाकळ टाकली, बाळाला ठिवायला ती वाकली, आन् तेवढ्यात वरून चिमूटभर माती बाळाच्या टोपड्यावर पडली. तिनं ती झटकली. भिंतीकडं बघितलं. बाळाला परत उचलून छातीशी धरलं आन् म्हनली, "आत्याबाई, राग मानू नका. तुमी आमच्याकडं या, म्हनाल तितकं ऱ्हावा. पर मी माझं लेकरू ह्या धाब्याखाली न्हाई निजवनार. किल्लारीला लोकं निजेतच गेली."

संध्याकाळच्या गाडीनं गेलीबी. मला राग आला, लई राग आला. सम्राट ह्याच घरात वाढला, त्याला काय झालं? मी रोज निजते, मला काय झालं? असं मी सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलले. पर राती त्या भिंतीशेजारी आडवी झाले की मला तिचं म्हननं पटायचं. लोक इचारायचे, "भागूबाई, नातू दिसंना?" मी म्हनायची, "कंपनीला सुट्टी न्हाई." तान्ह्या पोराला कसली आलीय कंपनी! पर तोंडाला येईल ते बोलून मोकळी व्हायची.

तर घरकुल म्हंजे दुसऱ्याला इटा आन् पत्रं असतील. मला त्यो नातू हुता.

आता गुरुवारचं ऐका. ऐकून तुमी हसाल, हसा, मीबी हसते कदी कदी. पर आधी एक सांगते. माझा सासरा गावचा येसकर हुता. साहेब गावात आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन घोड्याम्होरं पळायचं, हे त्याचं काम. साहेब चावडीत बसायचा आन् सासरा पायरीखाली. वस्तीत साहेब यायचाच न्हाई. आलाच तर लांब उभा ऱ्हाऊन काठीनं दाखवायचा, ते कुनाचं घर, ते कुनाचं. आमी छप्पन साली धम्म घेतला, येसकरकी टाकली, पोरं शिकली. पुढारी मतं मागायला यायचे, विहाराम्होरं हात जोडून जायचे. पर सरकारी साहेब कुनाच्या घरात येऊन, खुर्चीवर बसून, आमच्या कपातला चहा पिऊन गेला, असं आमच्या वस्तीत एकाच्याबी घरी झालेलं न्हवतं.

माझ्या शेजारची विमलबाई कमरेला पदर खोचून आली. "भागूबाई, साहेब काय एकट्या तुझ्या घरी येत न्हाई. वस्तीत येतोय. आपल्या वस्तीची अब्रू हाय."

"अगं, त्यो घर बघाया येतोय."

"मंग दाखवू की त्याला घर!"

आन् मंग जे सुरू झालं म्हनता! दोन दिस आधीपासनं शेनानं जमीन सारवली, पुढच्या भिंतीला चुना दिला. विहारातल्या दोन लोखंडी खुर्च्या आनल्या. दयाबाई म्हनून हाय, मिशनच्या दवाखान्यात नर्स हुती, तिच्याकडनं गुलाबाच्या फुलांचं कप आनले, बशीसकट. घरोघरची स्टीलची भांडी घासून माझ्या फळीवर आली, नुसता लखलखाट. पलीकडच्या बन्सीच्या घरचा टेबलफॅन आनला. मी म्हनलं, "अगं बया, माझ्या घरात लाईट न्हाई." विमलबाई म्हनली, "नसू दे. नुसता ठिव. शोभा येते."

ऱ्हायली ती भिंत. विमलबाई तिच्याम्होरं कमरेवर हात ठिवून उभी ऱ्हायली. "हे भिताड लई वंगाळ दिसतंय," म्हनली, आन् घरी गेली. लेकीच्या लग्नासाठी घेऊन ठिवलेली चादर ट्रंकेतनं काढून आनली. निळी चादर, तिच्यावर पिसारा फुलवलेलं दोन मोर. वरच्या लाकडाला खिळे मारून ती सोडली खाली, तर पोट झाकलं, भेगा झाकल्या, सगळं झाकलं. मीच म्हनलं, "डावीकडं जरा वर वढ, वाकडी दिसतीया."

खरं सांगते, मला लई बरं वाटलं. लगीन होऊन आल्यापासून ते घर मी तसं कदी बघितलं न्हवतं. भाऊसाहेब आला, त्यानंबी समदं बघून मान डोलावली. एवढी मानसं जमल्ती, त्यात चार बुकं शिकलेलीबी हुती. पर साहेब वंगाळ बघाया येतोय, हे एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई. घरी साहेब येनार तर घर चांगलं दिसाया पायजे, एवढंच आमच्या डोक्यात.

साहेब आला. तरनाच हुता, चष्मा घातलेला, घामानं शर्ट चिकटलेला. मी म्हनलं, "जय भीम साहेब, बसा." बसला बिचारा. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"घरात कोण कोण असतं?"

"मी एकलीच."

"मुलगा?"

"कंपनीत हाय, नागापूरला," मी म्हनलं. जरा मोठ्यानंच म्हनलं.

"फॅन वगैरे आहे वाटतं."

आता सांगा, दाराशी समदी वस्ती उभी, बन्सी उभा. तिथं मी काय सांगू, उसना हाय म्हनून? "हाय की," म्हनलं.

मंग चहा दिला. त्यानं कप तोंडाला लावला तशी दारातली समदी गप झाली. सगळा चहा पिला त्यानं, बशीत सांडलेलासुदिक. उठताना म्हनला, "घर फार नीटनेटकं ठेवलंय हो बाई." जीप धुरळा उडवत गेली आन् विमलबाईनं मला मिठीच मारली. बाया त्यो कप हातात घेऊन बघत हुत्या. माझा सासरा असता तर रडला असता, असं मला वाटलं, आन् मी तसं बोलून दाखवलं.

पुढच्या महिन्यात भाऊसाहेब आला, त्यो उंबऱ्यातच उभा. मी बस म्हनलं तरी बसंना.

"वहिनी, नाव कटलं."

"कुनाचं?"

"तुमचं. साहेबानं लिवलंय, घर सुस्थितीत हाय, घरात वस्तूबी हायेत. गरज दिसत न्हाई."

मी चुलीपाशी बसले ती उठलेच न्हाई. विमलबाई धावत आली. तिला बघितलं आन् माझं डोकं फिरलं. नको नको ते बोलले तिला. "तुझ्या मोरांनी माझं घर खाल्लं गं," म्हनलं, "माझा नातू खाल्ला!" ती बिचारी रडाया लागली. रडत रडत म्हनली, "तूच तर म्हनलीस, डावीकडं वर वढ." ते खरंच हुतं. दोघीबी रडलो, आन् मंग चहा केला.

भाऊसाहेब मातुर गप बसला न्हाई. तालुक्याला हेलपाटे घातले, भांडला, हातापाया पडला. शेवटी साहेब म्हनला, येतो, पर एकदाच. त्यापुढं माझ्या हातात काय न्हाई.

आता वस्तीचं उलटं सुरू झालं. ज्यानी भांडी आनून दिल्ती त्येच सांगाया लागले, हायेत ती भांडीबी लपव. कुनी म्हनलं, सारवू नको. कुनी म्हनलं, चुना खरवडून काढ, राख पसर. सम्राट सुट्टी काढून आला. त्यो मला कोपऱ्यात घेऊन म्हनला, "आई, एक अर्ध्या तासाचा सवाल हाय. फाटकं लुगडं नेस. साहेबाच्या म्होरं जरा रड. सगळी असंच करतात."

"तुझ्या बापाच्या मौतीला मी चारचौघांत रडले न्हाई," मी म्हनलं. "आता भिंतीसाठी रडू?"

त्यो काय चढ्या आवाजात बोलला न्हाई. खाली बघून म्हनला, "भिंतीसाठी न्हाई आई. बाळासाठी."

लागलं ते मला. त्यो भाईर गेल्यावर मी खुंटीवरचं फाटकं लुगडं काढलं आन् नेसलं. तसं ते माझंच हुतं, खडीवर जाताना रोज नेसायची. त्यात लाज कसली? पर आज ते अंगाला लागंना. खडी फोडताना नेसलं तर ते कामाचं लुगडं हुतं. साहेबाला दाखवाया नेसलं तर ते भीक मागायचं झालं. आमच्या सासऱ्याला दारोदार भाकर मागावी लागायची, येसकराचा हक्क म्हनायचे त्याला. ती भाकर मागनं त्यानं सोडलं तवा दोन वर्सं घरात उपास पडले, तरी त्यो परत गेला न्हाई. मी लुगडं नेसून बसले आन् इचार केला. सरकारला काय बघायचंय? मी किती रडते ते, का भिंत? भिंत बघायची असंल तर भिंत हाय की. तिला काय सोंग कराया सांगायचं न्हाई. सोंग तर आमी घेतलं, चादर लावून. आता फाटकं नेसून दुसरं सोंग कशाला?

उठले, फाटकं काढलं. विहारात जाताना नेसते ते पांढरं लुगडं नेसले. जमीन सारवली. सम्राट दारात आला, बघितलं, आन् त्यानं हातच टेकले. "आई, तू घर घालवनार!"

"गप ऱ्हा," मी म्हनलं. "एक खुर्ची आन विहारातनं."

खुर्ची आनली ती मी सोता ठिवली. भिंतीला लागून ठिवली, जिथं पोट सगळ्यात जास्त आलंय बरोबर तिथं. चादर तर कवाच गेल्ती.

साहेब आला. ह्या बारीला त्याचं तोंड जरा वाकडंच हुतं, भाऊसाहेबानं डोकं खाल्लेलं असनार. मी म्हनलं, "जय भीम साहेब, बसा." त्यो बसला. मी चुलीवर आधन ठिवलं. त्यानं पाठ टेकली असंल नसंल, वरून भुरभुर माती त्याच्या मानेवर, कॉलरच्या आत. त्यानं हात फिरवला, हाताकडं बघितलं आन् मान वळवून मागं बघितलं.

मी त्याच्या तोंडाकडंच बघत हुते. त्यो उठला. धडपडत उठला, खुर्ची आडवी झाली.

"ही भिंत... मागच्या वेळीपण अशीच होती?"

"व्हय."

"मग दाखवली का नाही?"

"साहेब, घरी आलेल्या मानसाला चहा द्यायचा का भिंती दाखवायच्या?"

मी खुर्ची सरळ केली, परत तिथंच ठिवली. "बसा की. चहा होतोय."

"नको. इथे नको."

"का?"

"का म्हणजे? पडेल ती, बाई!"

"मी रोज तिथंच निजते," मी म्हनलं. "खुर्ची हाय ना, तिथं माझं डोकं असतं. ह्या कोपऱ्यात चूल, त्या कोपऱ्यात धान्य, दुसरी जागा न्हाई. माझी सून तुमच्यासारखीच शानी हाय. तीबी तिथं बसत न्हाई. म्हनून माझा नातू ह्या घरात अजून एकदाबी निजला न्हाई."

आवाज चढला हुता माझा. सम्राट दारातनं खुनवत हुता, पर मी बघितलं न्हाई तिकडं. साहेब त्या भिंतीकडं बघत दाराकडं सरकला, भाईर अंगनात गेला. मला वाटलं, संपलं. बोलले जास्ती, घालवलं घर. मी चुलीपाशी तशीच उभी ऱ्हायले.

तर साहेब अंगनातनं म्हनला, "बाई, तुम्ही पण आधी बाहेर या."

मी म्हनलं, "आधन उकळतंय."

"उकळू द्या. बाहेर या तुम्ही."

तवा मातुर मला भरून आलं. नवरा गेल्यावर मी चारचौघांत रडले न्हाई, आन् नाव कटल्यावर विमलबाईच्या म्होरं रडले ते रागानं. हे येगळं हुतं. भूकंप झाल्यापासून सरकारातलं कोन माझ्या दारात येऊन म्हनलं हुतं, बाई तू तिथं नको उभी ऱ्हाऊ, मरशील? मी पदर तोंडाला लावून भाईर आले. रडू नको म्हनून मी पोराशी भांडले, आन् शेवटी रडलेच साहेबाम्होरं. पर ते मागून घेतलेलं न्हवतं, ते माझं मला आलं.

चहा सम्राटनं आत जाऊन आनला. साहेब अंगनातच उभ्यानं पिला. पिताना म्हनला, "आणि तो फॅन?"

"त्यो बन्सीचा. आमच्यात लाईट न्हाई."

त्यानं चष्मा काढला, पुसला. "वायर नव्हती हे मला दिसायला हवं होतं," म्हनला. आन् मंग हसला, आन् मंग समदीच हसली. बन्सी सगळ्यात जास्त.

मंजुरी आली. जुनं घर पाडलं, आन् घर उभं ऱ्हाईपतूर मी विमलबाईकडं ऱ्हायला गेले. ती मला येताजाता टोमनं मारायची, मी तिला. सरकारी नेमाप्रमानं आधी जोतं बांधायचं, ते साहेबाला दाखवायचं, मंग पुढची रक्कम मिळनार आन् भिंती चढनार. गवंडी जोतं बांधून गेला. वर नुसतं आभाळ.

एक दिस दुपारी मी जोत्यावर पानी मारत हुते. बघते तर सम्राट आन् शुभांगी गाडीवरनं उतरून येत हुते, बाळ तिच्या खांद्यावर, पेंगुळलेलं. तिनं चपला खाली काढल्या. जोत्यावर चढली, अनवानी पायानं ह्या टोकापास्नं त्या टोकापतूर चालून बघितलं. मंग पिशवीतनं दुपटं काढलं, कडुलिंबाची सावली जिथं पडली हुती तिथं अंथरलं आन् बाळाला निजवाया लागली.

मी म्हनलं, "अगं, भिंती तरी होऊ दे! घर कुठं हाय अजून?"

"हे काय, घरातच हाय की आपन," ती म्हनली. "आन् आत्याबाई, आज इथं वरून पडायला हाय काय?"

माझ्या तोंडाला कुलूप लागलं म्हनून सम्राट हसाया लागला. बाळानं दोन येळा कूस बदलली, मूठ तोंडात घातली आन् निजलं. शुभांगी विमलबाईकडं पानी प्याया गेली. विमलबाईनं तिकडनं हाक मारली, "भागूबाई, जेवाया ये गं!" मी तिला हातानं गप केलं. बाळाच्या तोंडावरच्या माशा हाकलत बसले. त्यो उठंपतूर मी जागची हलले न्हाई.